उईकेंच्या ट्रॉलीचा दिवा

ट्रॉलीला मागं चार वायरी होत्या.
दोन उंदरांनी नेल्या.
उरली एक डावी, एक उजवी,
आणि प्रत्येकीच्या टोकाला
एकवीस वॅटचा एकेक लाल दिवा.

"बाई, एका बाजूले दिवा तं एकच,"
हरिदास उईके म्हणाले,
"थांबतो हेही त्यानंच सांगाव
अन् वळतो हेही त्यानंच.
मांगच्याले समजन कसं?"

आंबियाचा हंगाम. बेनोड्याहून वरूडला
संत्रा रात्रीच निघतो, थंडीत.
"परवा पायजे," म्हणाले, आणि गेले.

कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडून
पाठकोऱ्या बाजूवर मी आकृती काढली.
वर ब्रेक. खाली इंडिकेटर.
मधे तीन पायांचा ट्रान्झिस्टर,
ओलिताच्या वावरात दांडाशी उभा असतो ना माणूस,
फावड्याचा एक घाव, आणि पाटभर पाणी वाफ्यात,
तसा तो.
एका पायावर राईएवढा करंट
आणि उरलेल्या दोन पायांमधून पावणेदोन अँपिअर.

पहिला जळाला.
वास आला तेव्हा हिशेब आठवला:
थंडगार तार पेटताना
पहिल्या क्षणी दसपट मागते.
दुसरा मोठा घेतला, पाठीला अॅल्युमिनिअमची पट्टी,
सलूनवाल्या नंदूच्या मोडक्या खिडकीची.

मधेच कुणी डोकावतं:
"मिस्त्री कुठी गेले?"
तापलेली सोल्डरिंग हातात धरून
मी सांगते, बाबूजी घरी आहेत, काय काम होतं?
"नाही, येतो मंग."

नियम सोपा होता.
ज्या बाजूला वळायचं
त्या बाजूच्या ब्रेकनं गप्प बसावं.
टेबलावर तो गप्प बसेना.
इंडिकेटर पेटला की ऐकायचा,
पण इंडिकेटर विझतो, विझणं हेच तर त्याचं अर्धं बोलणं,
आणि तेवढ्या फटीत ब्रेक घुसायचा.
दिवा पेटलेला, पेटलेलाच.
मागून येणाऱ्याला वाटेल, थांबला.
आणि ट्रॉली तर वळणार.

म्हणजे कुणीतरी हवं
जे त्या काळोखात लक्षात ठेवील
की आत्ताच उजेड होता, पुन्हा येणार आहे.

कपॅसिटर.
दहा मायक्रोफॅरडचा लावला. विसराळू.
पापणी लवायच्या आत रिकामा.
मग हजारचा. त्याची तर आठवण सुटेना:
वळण संपलं, स्टीअरिंग सरळ झालं,
मी ब्रेक दाबून बसले, एक, दोन, तीन...
आठव्या सेकंदाला दिवा लागला.
आठ सेकंदांत रस्त्यावर काय काय होतं
हे बाबूजींच्या डाव्या पायाला विचारा.

बंद पडलेल्या टीव्हीतून शंभरचा काढला.
रात्रीचे सव्वाअकरा. बाहेर कुत्रं, आत फक्त
टिक. टिक. टिक.
डावा दिवा विझला, आणि विझलेला राहिला.
पेटला. विझला.
उजवा स्थिर, ब्रेक धरून.
इंडिकेटर बंद केला.
एक सेकंद, थोडं जास्तच,
आणि डावाही स्थिर झाला.

मी उगाच आणखी वीस वेळा करून पाहिलं.

सर्किट साबणाच्या डब्यात बसवलं,
भोकं मेणबत्तीनं बुजवली.
त्या रात्री स्कूटीवरून ट्रॉलीच्या मागं गेले,
शंभर फूट सोडून, मफलर तोंडाला.
पुसल्याच्या फाट्याशी उतार लागतो.
दोन्ही दिवे लागले: थांबतोय.
मग उजवा मिटमिटू लागला
आणि मला, सगळं माहीत असूनही,
आपोआप ब्रेक दाबावासा वाटला. दाबला.

उईके खाली उतरून मागं आले,
दिव्यासमोर हात धरून पाहिला.
"जरासा मंद दिसते का हो?"
"एक व्होल्ट ट्रान्झिस्टर खातो, काका."
"खाऊ द्या," म्हणाले, "राबते न तो."
आणि फाळक्यावरून हात घालून
सहा संत्री माझ्या डिकीत टाकली,
एक दबलेलं.